डबे गेल्यावरची टेकडी

सकाळी साडेपाचला निम्मं पुणं टेकडीवर असतं आणि मी कणीक मळत असते. २२ वर्षं डबे करतेय, सध्या ५५ आहेत. अकराला शेवटचा डबा बाहेर पडतो, मग भांडी, मग सासूबाईंचं जेवण, मग माझं. त्यामुळे तब्येतीवरचं जे काही ‘पहाटे लवकर उठा’ने सुरू होतं, ते मी तिथेच मिटते. लवकर उठतेच की, पण कुकरसाठी! ज्यांची सकाळ स्वतःची नसते त्यांच्यासाठी हे लिहितेय. डबेवाल्या, दुकानदार, रात्रपाळीवाले, लहान मुलांच्या आया, सगळे यात आले.

तीन वर्षांपूर्वी माझी तीन महिन्यांची सरासरी साखर, ती एचबीएवनसी म्हणतात ती, ६.३ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टर म्हणाले, ‘अजून आत गेला नाहीत, पण उंबरठ्यावर उभ्या आहात. चालायला लागा.’ लागले. आठ दिवस रस्त्याने चालले. फुटपाथवर दुचाक्या, पायाखाली उखडलेले ब्लॉक, कानाशी हॉर्न, आणि डोक्यात वाण्याचं बिल. घरी यायचे ती चिडूनच. नवव्या दिवशी गेले नाही.

मग एकदा डबे पोचवणारा पोरगा आला नाही. लॉ कॉलेज रोडच्या बाजूला राहणाऱ्या एका मुलाचा डबा मीच द्यायला गेले. गल्लीच्या टोकाला टेकडीची वाट सुरू होताना दिसली. एवढी वर्षं पुण्यात काढली, टेकडी लांबून बघितली, चढले मात्र नव्हते. घामाघूम होऊन जेमतेम पहिल्या वळणापर्यंत गेले. तिथे एक हिवर आहे, पांढरट पिवळ्या सालीचा, काटेरी, जेमतेम सावली देणारा. त्याच्याखाली दगड. वीसेक मिनिटं बसले असेन. उठताना लक्षात आलं की तेवढ्या वेळात वाण्याचं बिल एकदाही आठवलं नाही. माझ्यासाठी ही बातमीच होती.

ज्याला डबा दिला तो मेडिकल कॉलेजात शिकणारा मुलगा. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘काकू, यावर अभ्यास झालाय.’ तेव्हापासून तो मला असलं काही वाचून दाखवतो आणि मी त्याला वरण जरा जास्त घालते. पुढे जे आकडे येतील ते त्याच्याकडून तपासून घेतलेले. बाकी सगळं माझ्या गुडघ्यांचं.

वेळ कुठून काढायची

२०१९ साली इंग्लंडमधल्या जवळजवळ २०,००० लोकांच्या माहितीवरून एक हिशेब निघाला. आठवड्याला १२० मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ बागेत, रानात, समुद्रकाठी घालवणारे लोक आपली तब्येत बरी आहे, मन ठीक आहे असं सांगण्याचं प्रमाण जास्त होतं. त्याहून कमी वेळ घालवणाऱ्यांत तसा ठळक फरक दिसला नाही. मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे हे १२० मिनिटं एका दमात काढले की तुकड्यातुकड्याने, याने काही बिघडत नव्हतं. मुलगा लगेच म्हणाला, ‘पण काकू, हे सर्वेक्षण आहे. बागेत गेल्यामुळे तब्येत सुधारली की तब्येत धड म्हणून बागेत जाता आलं, हे यातून ठरत नाही.’ बरोबर आहे. तरी मला हिशेब सोपा वाटला. दोन तास म्हणजे वीस मिनिटं सहा वेळा. एवढी उधारी तर मी वाण्यालाही फेडते.

माझे तुकडे असे. सोमवार ते शुक्रवार यातले कुठलेही तीन दिवस, दुपारी साडेचारला, जाऊन येऊन तासाभरात, त्यातला अर्धा तास खरा टेकडीवरचा. रविवारी संध्याकाळी डबे नसतात, तेव्हा सव्वा तास. झाले की दोन तास आणि वर पंचेचाळीस मिनिटं. कुठलेही तीन म्हणते, कारण वार ठरवले की नेमका त्याच दिवशी गॅस संपतो.

सकाळ हुकली म्हणून हळहळू नका, पुण्यात हिवाळ्यात तर नाहीच. डिसेंबर-जानेवारीत थंड हवा जमिनीलगत बसून राहते आणि तिच्यासोबत गाड्यांचा, शेकोट्यांचा, कचरा जाळल्याचा धूरही तिथेच अडकतो. उन्हाने जमीन तापली की मग तो वर सरकतो. कधी सुट्टीला पहाटे वर गेलात तर खाली शहरावर एक तपकिरी पट्टा दिसेल, दुधावर साय धरावी तसा. दमा असलेल्यांनी त्या दिवसांत ऊन चढल्यावर किंवा दुपार कलल्यावर जावं. उलट एप्रिल-मेमध्ये साडेचारला जाणं म्हणजे तव्यावर चालणं. तेव्हा मी साडेपाचनंतर निघते, उजेड सातपर्यंत असतो. डिसेंबरात मात्र सहालाच अंधारून येतं, तेव्हा चारलाच चपला पायात. दिवसातली वेळ ऋतूप्रमाणे सरकवा. लोक घड्याळ धरून बसतात आणि मग मे महिन्यात जाणं सुटतं ते सुटतंच.

‘कोवळं ऊन घ्या, ड जीवनसत्त्व मिळतं’ हे मीही २२ वर्षं इतरांना सांगत आले. ते फारसं खरं नाही. कातडीत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण सूर्य वर आल्यावरच नीट खाली पोचतात, साधारण दहा ते तीन या वेळात. खूण सोपी आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड हवी. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा वेळही जास्त लागतो. म्हणून डबे गेले की सव्वाअकराला मी गच्चीवर कोथिंबीर निवडते, हात कोपरापर्यंत उघडे, डोक्यावर पदर. बागेत जाऊन बसले असते, पण आमच्याकडच्या बऱ्याच बागा नेमक्या दुपारी कुलूपबंद. ज्या वेळी ऊन कामाचं, त्याच वेळी फाटक बंद. हे कोणाला सुचलं असेल देव जाणे.

जागा निवडताना

सगळ्यात छान नको, सगळ्यात जवळची निवडा. पोचायला लागणारा वेळ तिथे थांबण्याच्या वेळेपेक्षा जास्त असेल तर महिन्याभरात जाणं बंद पडतं, हे मी पाच-सहा जणींचं बघून सांगतेय. आमच्या वहिनी एरंडवण्यातून हौसेने सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जायच्या. बाग सुरेखच आहे. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेली, पाण्याचे पाट, पूल, कातरलेली हिरवळ. चार रविवार गेल्या. आता घराशेजारच्या बागेत रोज जातात, जिथे दोन पिंपळ, एक मोडका झोपाळा आणि आजोबांचा हास्यक्लब आहे. टिकलं ते हेच.

ज्यांच्या अंगावरच टेकडी आहे त्यांनी मात्र नशीब समजावं. वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर, आणि खालचं शहर साधारण ५६०. म्हणजे सव्वादोनशे मीटरच्या वरचा चढ. तो सगळा चढायलाच हवा असं नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी पौड रोडच्या बाजूने एआरएआयच्या, म्हणजे वर असलेल्या वाहन संशोधन संस्थेच्या, रस्त्याने वाहनाने वर जावं आणि वरच्या सपाटीवर फिरावं. वेताळबाबाचं देऊळ, जुनी दगडखाण, तिच्यात साठलेलं पाणी. त्या पाण्यात उतरू मात्र नका. कडा खडी आहे आणि तळ दिसत नाही. चतुःशृंगी, गोखलेनगर, पंचवटी, सगळीकडून वाटा आहेत. दक्षिणेकडच्यांना तळजाई आणि पर्वती. पर्वतीला १०३ पायऱ्या, शाळेत मोजल्यात सगळ्यांनी. या टेकड्यांमधून रस्ते आणि बोगदे न्यायचे बेत मधूनमधून निघतात, लोक विरोध करतात, पुन्हा निघतात. त्यावर बोलायला बसले तर आमटी उतू जाईल.

आणि ज्यांना घराबाहेरच पडता येत नाही? इथे मला जरा थांबायचंय.

सासूबाई ८४ वर्षांच्या. दोन्ही गुडघे गेलेले, दिवस खाटेवर. खाट टीव्हीसमोर होती, पाठ खिडकीकडे. खिडकीबाहेर बदामाचं झाड. मेडिकलच्या मुलाने मला रॉजर उलरिक यांचा १९८४ सालचा अभ्यास सांगितला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या, १९७२ ते १९८१ या काळातल्या. २३ जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना जहाल वेदनाशामकं कमी लागली. ऑपरेशन तेच, मजले तेच, खिडकी फक्त वेगळी.

त्या रविवारी आम्ही खाट फिरवली. सासूबाई चिडल्या. ‘मला काय झाड बघायचंय?’ पहिले चार दिवस त्या मान वळवून टीव्हीच बघत होत्या. मग खारीवर चिडायला लागल्या. खार बदाम अर्धवट कुरतडून टाकते, अन्नाची नासाडी करते, म्हणून. मग बुलबुलाची जोडी दिसली. मग जानेवारीत बदामाची पानं लाल होऊन गळायला लागली, तर त्याची मला दिवसातून दोनदा वर्दी. गुडघे बरे झाले नाहीत. पण पूर्वी दर अर्ध्या तासाने ‘किती वाजले गं?’ म्हणायच्या, ते आता जवळजवळ बंद आहे. आता त्या मला सांगतात, ऊन फांदीच्या खाली आलं, चहाची वेळ झाली.

तुम्ही खाट फिरवणार असाल तर एवढं बघा. मान न वळवता झाड दिसलं पाहिजे, नाहीतर दोन दिवसांत मान धरते. पडदा पूर्ण काढू नका, खालचा अर्धा बाजूला सारा, म्हणजे उजेड येतो आणि समोरचे घरात बघत नाहीत. डोक्याखाली एक उशी जास्त, आजारी माणसाची नजर छतालाच लागलेली असते. चौकटीवर पाखरांसाठी पाणी ठेवायचं तर पसरट मातीचं भांडं, आणि पाणी रोज बदला, रोज घासा. नाहीतर पाखरांआधी डासच येतील. खिडकीबाहेर झाडच नसेल तर एक कुंडी, तीही तुळशीची असू दे. फक्त नजरेच्या रेषेत ठेवा, खिडकीच्या कोपऱ्यात नको.

गेल्यावर करायचं काय

बहुतेक लोक टेकडीवर येऊन रस्त्यावरचंच करतात. कानात बोंडं, हातात फोन, पावलांचा आकडा. मी कोणाला नावं ठेवत नाही, चालण्याचे फायदे त्यांना मिळतातच. पण मग टेकडीची काय गरज, गच्चीवरही पावलं होतात.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लोकांनी २०१५ साली एक प्रयोग मांडला. काही जणांना ९० मिनिटं चालायला लावलं. अर्ध्यांना तुरळक झाडं असलेल्या गवताळ भागातून, अर्ध्यांना वाहत्या मोठ्या रस्त्याच्या कडेने. आधी आणि नंतर मेंदूची तपासणी. गवतातून चालून आलेल्यांच्या डोक्यातलं रवंथ कमी झालं होतं. तेच तेच घोळवत बसणं, ते असं का बोलले, मी तसं का म्हटलं, हे. मेंदूचा त्याच्याशी जोडलेला भागही शांत दिसला. रस्त्यावरच्यांत तसं झालं नाही. तुरळक झाडांची गवताळ टेकडी म्हणजे आमचीच की! माझे ते आठ दिवस रस्त्यावर का फुकट गेले, ते मला तेव्हा कळलं.

माझी पद्धत अशी. पहिली दहा मिनिटं अगदी सावकाश, लग्नाच्या मांडवात म्हातारी चालते तशी. फोन पिशवीत, आवाज बंद. डबेवाल्या पोराला सांगून ठेवलंय, आग लागली तरच फोन. मग माझा दगड. तिथे बसून मी आवाज मोजते. खालून गाड्यांची घरघर येतेच, ती मोजत नाही. तांबटाचं टुक टुक, सातभाईंचं भांडण, टिटवी, कुठेतरी मोर. मे सरता सरता पावशा येतो, ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’. पाच आवाज झाले की उठते. कधी दोन मिनिटांत होतात, कधी पंधरा. हे ध्यान वगैरे नव्हे. ध्यानाला बसले की मला भाजीचं सुचतं. काम दिलं की डोकं गप्प बसतं.

मग महिन्याला एक झाड. फार नको, एकच. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि पांगारा, दोन्ही लाल. पळसाची पाकळी पोपटाच्या चोचीसारखी. त्याच सुमाराला गणेराची मोठी पिवळी फुलं, झाडावर पान नाही आणि फुलं मात्र टपोरी. उतारावर फिकट गुलाबी फुलांनी लगडलेलं दिसतं ते बाहेरून आणून लावलेलं गिरिपुष्प, त्याला उंदीरमारी पण म्हणतात. एप्रिल-मेत बहावा. ऑगस्ट-सप्टेंबरला तेरडा आणि सोनकी. तीन वर्षांत मला तीसेक झाडं ओळखता यायला लागली आणि दरवेळी काहीतरी बघायचं असल्यामुळे जाणं टिकलं. ‘तब्येतीसाठी’ म्हणून मी आठ दिवसच टिकले होते, विसरू नका.

किती वेळ बसायचं? मिशिगनमध्ये २०१९ साली ३६ शहरी माणसांची लाळ तपासून ताणाच्या हॉर्मोनचं, कॉर्टिसॉलचं, माप घेतलं होतं. निसर्गात वीस ते तीस मिनिटं घालवली की ते सगळ्यात वेगाने उतरत होतं. त्यानंतरही उतरतं, पण हळू. म्हणजे वीस मिनिटांची चूल पेटवली तरी भात होतो. जपानी लोक याला शिनरिन-योकू म्हणतात, अरण्यस्नान. १९८२ साली तिथल्या वनखात्याने हा शब्द रूढ केला. 

हे मी आमच्या पोळ्या करणाऱ्या मावशींना सांगितलं तर त्या लाटणं खाली ठेवून हसल्या. मुळशीकडच्या त्या. ‘आमी डोंगुर सोडून हितं आलो पोटासाठी, आन् तुमी पोटासाठी डोंगुर चढता.’ त्यांना जुलैत एकदा सोबत नेलं. मी फुलं बघत होते, त्या भाजी बघत होत्या. टाकळा, कुर्डू, सगळं पायाखालीच. घरी आणून लसूण घालून केली. तुम्ही मात्र ओळख पक्की असणारं माणूस सोबत नसेल तर पान तोंडात घालू नका. सारखी दिसणारी पानं खूप असतात, आणि जिथे माणसं कुत्री फिरवतात तिथली तर नकोच.

गुडघे, साखर आणि काही न बोलल्या जाणाऱ्या गोष्टी

चढताना छाती बोलते, उतरताना गुडघे. चढताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग. बोलतानाही धाप लागली तर थांबा. छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम असं झालं तर तिथेच बसा, कोणालातरी हाक मारा आणि सरळ दवाखाना. आपण बायका ते पित्तावर ढकलतो आणि घरी येऊन सोडा पितो. तसं करू नका.

उतरताना सरळ खाली येऊ नका. नागमोडी या, पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले. काठी वापरायची लाज वाटते, मला पण वाटली. आता वाटत नाही, शिवाय काठी बघून कुत्री लांब राहतात. चप्पल नको, खाचा असलेल्या तळव्याचे बूट हवेत. पहिल्या पावसानंतर दगडावर शेवाळ धरतं, तेव्हा मी टेकडीचा नाद सोडून बागेतल्या फरसबंद वाटेवर चालते. मुरमाचा उतार सुका असला तरी घसरतो, पायाखाली मोहरी सांडल्यासारखा.

साखरवाल्यांनी एक लक्षात ठेवा. न्यूझीलंडमधल्या २०१६ सालच्या एका अभ्यासात, मधुमेह असलेल्यांनी प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालण्याने जेवणानंतरची साखर जास्त खाली राहिली, दिवसातून एकदा कधीतरी तीस मिनिटं चालण्यापेक्षा. त्यामुळे टेकडी ही वरकड समजा. रात्री जेवल्यावर खालच्या अंगणात दहा मिनिटं फेऱ्या मी वेगळ्या मारते. इन्शुलिन किंवा साखर झपकन उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रिकाम्या पोटी चढू नका आणि कमरेला साखरेची पुडी बांधा. हातपाय थरथरले, घाम सुटला की लगेच तोंडात. आणि दवबिंदूवर अनवाणी चालायचं जे खूळ आहे, ते मधुमेह्यांनी अजिबात करू नये. पायाला संवेदना कमी असते, काटा रुततो, कळत नाही, चिघळतो. वरच्या हिवर-बाभळीचे काटे बुटाच्या तळव्यातूनसुद्धा येतात.

आता न बोललं जाणारं. वर संडास नाही. पुरुष कुठेही उभे राहतात. बायका म्हणून पाणीच पीत नाहीत, आणि मग डोकं दुखतं तेव्हा उन्हाला दोष देतात. निघण्याआधी घरी जाऊन या, निघताना अर्धा पेला, वर दोन घोट, खाली आल्यावर पोटभर. ज्यांना लवकर लवकर जावं लागतं त्यांनी स्वच्छतागृह असलेली बाग निवडावी, त्यात कमीपणा नाही.

दुसरं, एकट्याने जाणं. मी एकटी जाते, पण रोजच्या लोकांच्या वेळेला आणि मळलेल्या वाटेने. मंगळसूत्र घरी, गळ्यात काळी पोत. कुठल्या वाटेने जाणार ते सुनेला सांगून निघते. उजेड असताना खाली. कानात बोंडं घालू नका म्हणते त्याचं हेही एक कारण, मागून येणारं पाऊल ऐकू आलं पाहिजे. पावसाळ्यात गवतात पाय घालू नका. फुरसं, घोणस दोन्ही असतात. त्यांना आपल्यात काही रस नसतो, पण पाय पडला तर त्यांचाही नाइलाज. मधमाश्यांचं मोहोळ दिसलं तर सेंट लावलेल्या मैत्रिणीला घेऊन मागे फिरा.

ऑक्सिजन आणि नातू

‘शुद्ध ऑक्सिजन मिळतो वर’ असं मी एकदा म्हटलं आणि मेडिकलचा मुलगा पोळी हातात धरून थांबला. ‘काकू, ऑक्सिजन खाली पण २१ टक्केच आहे.’ टेकडीवर २१, माझ्या स्वयंपाकघरातही २१. वर धूळ-धूर कमी, आवाज कमी, सावली गार, चालणं होतं, डोळ्याला लांबचं बघायला मिळतं, डोकं रवंथ सोडतं. एवढं पुरेसं आहे.

लांबचं बघण्यावरून आठवलं. नातू सात वर्षांचा, त्याच्या वर्गात चष्मेच चष्मे. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत काही मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर ठेवलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या साधारण ३० टक्के मुलांना लांबचं दिसायचा चष्मा लागण्याजोगा दोष आला, बाकीच्यांत साधारण ४० टक्के. २०१५ चा अभ्यास. यात झाडापेक्षा बाहेरच्या उजेडाचा हात मोठा मानतात, त्यामुळे मैदान, गच्ची, काहीही चालेल. नातवाला मी टेकडीवर नेते ते ‘चला फिरायला’ म्हणून नव्हे. त्याला मुंगळ्यांचं वारूळ दाखवायचं आमिष असतं. मुलांना चालायला न्यायचं नसतं, कशाकडेतरी न्यायचं असतं.

माझं काय झालं

गेल्या वर्षी एचबीएवनसी ५.९. रक्तदाबाची गोळी चालूच आहे, मात्रा तीच. झोप नक्की सुधारली, पूर्वी तीनला जाग यायची. साखर उतरल्याचं श्रेय टेकडीला द्यायला मला आवडेल, पण त्याच काळात मी रात्रीचा भात अर्धा केला आणि डबे भरताना तोंडात टाकायची सवय सोडली. २२ वर्षांची ती सवय, एका डब्यामागे एक घास म्हटला तरी हिशेब करा. तेव्हा गोळ्या बंद करून टेकडी चढू नका. आणि मन फारच काळवंडलं असेल, अन्न नको, उठावंसं वाटत नाही, असं पंधरा दिवस चाललं असेल तर डॉक्टरकडे जा. टेकडी सोबतीला येईल, औषधाच्या जागी नाही.

खंड पडतोच. गणपतीत मोदकांच्या ऑर्डरी, दिवाळीआधी फराळ. तीन-तीन आठवडे मी दरवाजाबाहेर पडत नाही. मग पहिल्या वर्षी केलेली चूक अशी की भाऊबिजेनंतर भरपाई म्हणून थेट वेताळापर्यंत गेले. चार दिवस जिना उतरता येईना, आणि मग पुन्हा दोन आठवडे सुट्टी. आता फराळाचे डबे रिकामे होऊन परत आले की मी पहिल्या दिवशी फक्त हिवराच्या दगडापर्यंत जाते, पाच आवाज मोजते आणि खाली येते. दुसऱ्या आठवड्यात पुढचं वळण. वेताळबाबा डिसेंबरात.